सर्जनचा हात आणि रोबोटचे मनगट

अध्यक्षमहोदय, संयोजक मंडळी आणि श्रोतेहो,

काही महिन्यांपूर्वी माझ्या बाह्यरुग्ण विभागात एक निवृत्त शिक्षक आपल्या मुलीबरोबर आले होते. प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाचे निदान झालेले होते, तपासण्यांची फाइल मुलीने नीट तारखेवार लावून आणली होती, आणि शस्त्रक्रिया रोबोटच्या साहाय्याने करता येईल असे मी सांगितल्यावर गुरुजी गप्प बसले. बोलली ती मुलगी. "डॉक्टर, बाबांचं ऑपरेशन रोबोट करेल, तेव्हा तुम्ही तिथे असाल ना?" मी म्हणालो, "मी असेनच, आणि ऑपरेशनही मीच करणार आहे." तिचे समाधान झाले. माझे मात्र पूर्ण झाले नाही, कारण माझे उत्तर खरे असले तरी अपुरे होते. मी शस्त्रक्रियागृहात असतो. पण टेबलापासून आठ-दहा फूट दूर, कोपऱ्यात, चपला काढून, कपाळ एका खोबणीला टेकवून बसलेला असतो. माझ्या हातांत निर्जंतुक मोजे नसतात, कारण त्यांची गरजच नसते. तीन-साडेतीन तासांच्या त्या मुख्य कामात माझे बोट रुग्णाला एकदाही लागत नाही.

ज्याला आयुष्यभर हाताने काम करायला शिकवले, त्या माणसासाठी ही साधी गोष्ट नाही. म्हणून आज रोबोटिक शस्त्रक्रियेविषयी बोलताना मी सर्जनच्या हाताविषयी बोलणार आहे. हा हात रुग्णापासून टप्प्याटप्प्याने दूर कसा गेला, त्या प्रत्येक टप्प्यावर रुग्णाच्या पदरात काय पडले आणि आमच्या हातून काय निसटले, हे मला आपल्यापुढे मांडायचे आहे.

माझे शिक्षण उघड्या शस्त्रक्रियेचे. पोटावर वीतभर चीर घ्यायची आणि हात आत घालायचा. यकृताची कड मऊ आहे की कडक, आतड्यामागची गाठ हलते की मागच्या भिंतीला चिकटली आहे, चरबीच्या थराखाली रोहिणी कुठे आहे, हे सारे बोट सांगत असे. रोहिणीचा ठोका बोटाखाली लागला की कात्री आपोआप थांबायची. रक्त भरून आले आणि काही दिसेनासे झाले, तरी दोन बोटांत नेमकी जागा दाबून धरता येत असे आणि भूलतज्ज्ञाला रक्त चढवायला अवधी मिळत असे. या शिक्षणाची किंमत रुग्ण मोजत होता. ती वीतभर चीर भरून यायला वेळ लागे, खोकला आला की पोट धरावे लागे, जखमेत पू होण्याची भीती असे आणि काहींच्या त्या जागी पुढे हर्निया होई.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने ही किंमत कमी केली. आपल्याकडे तिची सुरुवात मुंबईत झाली याचा आपण अभिमान बाळगायला हरकत नाही. १९९० मध्ये डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढले आणि ही पद्धत देशात रुजवण्यासाठी पुढची अनेक वर्षे खर्ची घातली. महागड्या परदेशी उपकरणांचे हे खूळ गरीब देशाला परवडणार नाही, असे त्या काळी अनेकांना वाटत होते. उदवाडियांचे म्हणणे नेमके उलट होते. ज्याचे हातावर पोट आहे, त्याने महिनाभर घरी बसण्याऐवजी आठवड्याभरात कामावर जावे, याची गरज श्रीमंतापेक्षा गरिबालाच जास्त आहे. आज तालुक्याच्या गावीही पित्ताशय दुर्बिणीतून काढले जाते, तेव्हा त्यांचे म्हणणे खरे ठरले असेच म्हणावे लागेल.

मात्र दुर्बिणीने सर्जनचा हात पोटाबाहेर काढला. आत गेली ती हातभर लांबीची सरळ, ताठ अवजारे. पोटाच्या भिंतीतल्या छिद्रातून जाणारे अवजार होडीच्या वल्ह्यासारखे वागते. हात डावीकडे नेला की टोक उजवीकडे जाते, हात वर उचलला की टोक खाली जाते. शिवाय अवजाराला मनगट नाही. ते आत-बाहेर होते, गोल फिरते, चिमट्यासारखे उघडते-मिटते. पण टोकाशी वळत नाही. मनगटाला फळी बांधून कुणी पोळ्या लाटायला सांगाव्यात, तशी ही अवस्था असते. सरावाने तेही जमते, अनेकांना फार सुरेख जमते. तरीही ओटीपोटाच्या तळाशी, जिथे हाडांच्या अरुंद कड्यात मूत्राशय, प्रोस्टेट आणि गुदाशय एकमेकांना खेटून बसलेले असतात, तिथे सरळ अवजाराने बारीक टाका घालणे हे मोजक्या हातांचेच काम राहिले. रोबोट आला तो ही अडचण सोडवायला, आणि त्याची योग्यता ठरवताना ही अडचण नजरेआड होता कामा नये.

'रोबोट' या शब्दाने मोठा घोटाळा केला आहे. शब्द ऐकताच स्वतः विचार करून काम करणारे यंत्र डोळ्यांपुढे येते. वैद्यकात आलेला पहिला रोबोट काही अंशी तसा होता. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच येथे 'प्यूमा ५६०' नावाचा, मुळात कारखान्यासाठी बनवलेला यांत्रिक हात मेंदूतल्या गाठीचा तुकडा घेण्यासाठी वापरला गेला. सीटी स्कॅनवरून ठरवलेल्या दिशेने त्याने सुईची वाट स्थिर धरून ठेवली. १९९२ मध्ये 'रोबोडॉक' या यंत्राने खुब्याच्या कृत्रिम सांध्यासाठी मांडीच्या हाडात आखणीबरहुकूम खोबण कोरली. या दोन्ही ठिकाणी आखणी आधी होते आणि यंत्र ती पार पाडते, कारण कवटी आणि हाड जागचे हलत नाहीत. पोटातले अवयव मात्र श्वासाबरोबर हलतात, धरले की ताणले जातात, कापले की आकार बदलतात. तिथे आधी केलेली आखणी दुसऱ्या मिनिटालाच निरुपयोगी ठरते. म्हणून मऊ अवयवांसाठी जे यंत्र तयार झाले ते वेगळ्या जातीचे आहे. त्याला उपमा द्यायची तर कळसूत्री बाहुलीची द्यावी लागेल. बाहुली कितीही डौलात नाचली तरी सूत्र धरणारा थांबला की ती थांबते.

या यंत्रामागची मूळ कल्पना युद्धाची होती. जखमी सैनिक रणांगणाजवळच्या वाहनात असावा आणि सर्जनने सुरक्षित ठिकाणी बसून त्याच्यावर शस्त्रक्रिया करावी, या हेतूने अमेरिकेच्या संरक्षण खात्याने गेल्या शतकाच्या अखेरीस संशोधनाला पैसा पुरवला. रणांगणावर ही कल्पना कधी उतरली नाही. त्या संशोधनातून निघालेले तंत्र पुढे खासगी कंपन्यांकडे आले आणि जुलै २००० मध्ये 'दा विंची' या यंत्रणेला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पोटाच्या शस्त्रक्रियांसाठी मान्यता दिली. दूर असलेल्या जखमींसाठी कल्पिलेले यंत्र शेवटी त्याच खोलीतल्या रुग्णासाठी कामी आले.

दुरून शस्त्रक्रियेचा प्रयोगही झाला, आणि तो चटका लावणारा आहे. ७ सप्टेंबर २००१ रोजी डॉ. जाक मारेस्को यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग येथील ६८ वर्षांच्या महिलेचे पित्ताशय 'झ्यूस' नावाच्या रोबोटच्या साहाय्याने काढले. मधे अटलांटिक महासागर होता. शस्त्रक्रियेला ५४ मिनिटे लागली. हात हलवल्यापासून त्याचे चित्र पडद्यावर परत येईपर्यंत सेकंदाचा सुमारे सहावा हिस्सा जात होता, आणि एवढा विलंब मेंदू सांभाळून घेऊ शकतो हे त्या दिवशी सिद्ध झाले. स्ट्रासबर्गमध्ये रुग्णाशेजारी सर्जन उभे होते, हे सांगितलेच पाहिजे. त्यानंतर चारच दिवसांत न्यूयॉर्कवर जे कोसळले, त्यापुढे या बातमीकडे जगाचे लक्ष राहिले नाही. आपल्याकडे डिसेंबर २०१८ मध्ये डॉ. तेजस पटेल यांनी गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिराच्या आवारातून सुमारे ३२ किलोमीटरवरच्या अहमदाबादमधील रुग्णाच्या हृदयाची अँजिओप्लास्टी रोबोटच्या मदतीने केली. अंतर कमी होते, पण दिशा तीच.

आता यंत्राची रचना पाहू. त्याचे तीन भाग. सर्जन बसतो तो कन्सोल, रुग्णाजवळ उभा असतो तो हातांचा मनोरा, आणि चित्र व प्रकाश सांभाळणारे कपाट. रुग्णाच्या पोटात नेहमीप्रमाणे कार्बन डायऑक्साइड भरून जागा केली जाते, साधारण आठ मिलिमीटर व्यासाच्या नळ्या, ज्यांना आम्ही पोर्ट म्हणतो, पोटाच्या भिंतीतून आत घातल्या जातात आणि यंत्राचे हात त्या पोर्टना जोडले जातात. या जोडणीला डॉकिंग म्हणतात. प्रत्येक हात पोर्टच्या नेमक्या बिंदूभोवतीच फिरतो, त्यामुळे पोटाच्या भिंतीवर ताण कमी पडतो. कॅमेऱ्याला दोन भिंगे असतात आणि कन्सोलवर प्रत्येक डोळ्याला वेगळे चित्र मिळते. त्यामुळे खोलपणा कळतो, आणि जे दिसते तेही सुमारे दहा पट मोठे. वल्ह्याचा उलटेपणा संगणक दूर करतो. माझा हात डावीकडे गेला की आतले टोकही डावीकडेच जाते. मी हात तीन सेंटिमीटर हलवला तर टोक एकच सेंटिमीटर हलावे, असे प्रमाण ठरवता येते. बोटांचा सूक्ष्म कंप गाळला जातो. मी खोबणीतून डोके बाहेर काढले की अवजारे जागच्या जागी थिजतात. आणि अवजाराच्या टोकाशी, सेंटिमीटरभर जागेत, बारीक पोलादी तारांवर चालणारे एक मनगट आहे.

हे मनगट काय करते ते एकाच ठिकाणी जवळून पाहू. प्रोस्टेट काढल्यावर वर मूत्राशयाचे तोंड आणि खाली मूत्रनलिकेचे कापलेले टोक यांच्यात अंतर पडते. ही दोन तोंडे कॅथेटरभोवती, म्हणजे लघवी बाहेर नेणाऱ्या नळीभोवती, गोल टाके घालून जुळवायची असतात. मूत्रनलिकेचे टोक जघनास्थीच्या मागे, खोल, आत ओढले गेलेले असते. तिथे सुई घड्याळाच्या काट्यांच्या पाचाच्या आणि सातच्या जागी, खालून वर, आतून बाहेर काढावी लागते. उघड्या शस्त्रक्रियेत आम्ही हे काम अर्धे डोळ्यांनी आणि अर्धे अंदाजाने करत असू. सरळ अवजाराने त्या कोनात सुई वळत नाही. रोबोटचे मनगट तिथे उलटे वळते, सुईच्या वक्रतेबरोबर फिरते, आणि टाका श्लेष्मल त्वचेच्या कडेतून अगदी हवा तिथून निघतो. त्याच्या बाजूलाच, ग्रंथीच्या दोन्ही कुशींवर, लिंगाला ताठरता देणाऱ्या नसांचे जाळे पातळ पापुद्र्यासारखे पसरलेले असते. कर्करोग परवानगी देत असेल तर हा पापुद्रा न जाळता, न ओढता, अलगद सोडवायचा असतो. अमेरिकेतल्या डेट्रॉइट येथे डॉ. मणी मेनन यांनी, ज्यांचे वैद्यकीय शिक्षण भारतात झाले, या शतकाच्या सुरुवातीला ही शस्त्रक्रिया रोबोटवर पद्धतशीरपणे बसवली आणि जगभरच्या युरोलॉजिस्टांनी ती त्यांच्याकडून उचलली. रोबोटचे घर ओटीपोट झाले ते यामुळे.

आता हातून निसटले त्याविषयी. ते म्हणजे स्पर्श. आज सर्वत्र वापरात असलेल्या बहुतेक रोबोटिक यंत्रणांत अवजाराला होणारा विरोध सर्जनच्या बोटांपर्यंत येत नाही. मी आतडे धरले आहे की हाड, हे माझ्या बोटांना कळत नाही. सुरुवातीच्या दिवसांतला एक अनुभव मी आजही विसरलेलो नाही. मूत्राशय आणि मूत्रनलिका जुळवणाऱ्या त्याच टाक्यांची गाठ मारताना मी नेहमीच्या हाताने दोरा ओढला, माझ्या बोटांना काहीच जाणवले नाही, आणि पडद्यावर दोरा तुटलेला दिसला. नवा दोरा घेतला. तोही तुटला. तिसऱ्या वेळी तुटला तो दोरा नव्हे, मूत्रनलिकेची नाजूक कड फाटली. ती दुरुस्त करता आली, पण त्या रुग्णाचा कॅथेटर आठ दिवसांऐवजी तीन आठवडे ठेवावा लागला, आणि तेवढे दिवस तो गृहस्थ पिशवी लुंगीत लपवून वावरला. चूक माझी होती. ज्या हाताला बोटाने ताण मोजायची सवय होती, त्याने डोळ्याने मोजायला शिकण्याआधीच घाई केली होती.

डोळ्याने ताण मोजता येतो. ओढला जाणारा पेशीथर आधी चमकतो, मग पांढुरका पडतो, त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या रिकाम्या होतात. दोऱ्याची वेटोळी सुटून तो सरळ होतो आणि गाठीशेजारी खळी पडते. ही चिन्हे ज्याला वाचता येतात, तो सर्जन रोबोटवर जणू स्पर्श होत असल्यासारखे काम करतो. पण ही विद्या यंत्राबरोबर पेटीत बंद होऊन येत नाही. ती सिम्युलेटरवर, म्हणजे सरावाच्या आभासी यंत्रावर, जोडकन्सोलवर अनुभवी सर्जनच्या शेजारी बसून, आणि मुख्य म्हणजे पुष्कळ शस्त्रक्रिया करूनच येते. म्हणून रुग्णालयाने रोबोट घेतला आहे ही जाहिरात वाचून मला फारसा आनंद होत नाही. त्यावर कोण बसते, आणि ते आठवड्यातून किती वेळा बसतात, हे कळल्यावर होतो.

मघाशी मी म्हणालो की माझा हात रुग्णाला लागत नाही. ज्यांचा लागतो त्यांचे नाव बातमीत येत नाही. टेबलाशी उभे असलेले सहायक सर्जन रक्त शोषून घेतात, क्लिप लावतात, सुई आत देतात आणि मोजून बाहेर घेतात. सिस्टर यंत्राच्या प्रत्येक हातावर निर्जंतुक प्लास्टिक चढवतात, अवजार किती वेळा वापरले गेले याचा हिशेब ठेवतात, कारण ठरावीक वापरांनंतर यंत्र ते अवजार स्वीकारतच नाही. या शस्त्रक्रियेत रुग्णाचे डोके तासन्‌तास खाली आणि पाय वर ठेवावे लागतात. त्याचा चेहरा, डोळे, श्वासावरचा दाब सांभाळणे हे भूलतज्ज्ञाचे काम. माझी नजर आतल्या दहापट मोठ्या जगात गुंतलेली असते, तेव्हा बाहेर यंत्राचा हात रुग्णाच्या मांडीवर टेकतो आहे की काय, हे मला दिसत नाही. ते टेबलापाशी उभा असलेला माणूसच पाहतो आणि सांगतो. अचानक रक्तस्राव झाला तर यंत्र बाजूला करून पोट उघडण्याचा सराव या सगळ्यांनी मिळून केलेला असावा लागतो. मी तो दर काही महिन्यांनी करायला लावतो, आणि घड्याळ लावून.

आता पुराव्याकडे येऊ. इथे मला थोडे सविस्तर बोलू द्या, कारण याच ठिकाणी रुग्णांची सर्वाधिक दिशाभूल होते.

ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे ३२६ पुरुषांची चिठ्ठी टाकावी तशी दोन गटांत विभागणी करून प्रोस्टेटची उघडी आणि रोबोटिक शस्त्रक्रिया यांची तुलना झाली. तिचे पहिले निष्कर्ष २०१६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. बारा आठवड्यांनंतर लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता या दोन्ही बाबतींत दोन गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. रोबोटिक गटात रक्तस्राव बराच कमी होता. या अभ्यासातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. उघडी शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनच्या गाठीशी दीड हजारांवर शस्त्रक्रिया होत्या, तर रोबोटिक सर्जनच्या गाठीशी दोनशेच्या वर. काहींनी यावरून अभ्यासाला दोष दिला, काहींनी यातच रोबोटचे यश पाहिले. मला यातून एवढेच दिसते की कसलेला हात उघड्या शस्त्रक्रियेतही रुग्णाला उत्तम निकाल देतो, आणि असा सर्जन ज्याच्या गावात आहे त्याने केवळ रोबोट नाही म्हणून मोठ्या शहराकडे धाव घेण्याचे कारण नाही.

गुदाशयाच्या कर्करोगात दुर्बीण आणि रोबोट यांची तुलना करणारा 'रोलार' हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ४७१ रुग्ण होते. शस्त्रक्रिया अर्ध्यात सोडून पोट उघडावे लागण्याचे प्रमाण दुर्बिणीच्या गटात १२.२ टक्के आणि रोबोटच्या गटात ८.१ टक्के होते. आकडा रोबोटच्या बाजूचा दिसतो, पण हा फरक योगायोगानेही पडू शकतो अशा मर्यादेत होता, म्हणून रोबोट श्रेष्ठ ठरला असे संशोधकांना म्हणता आले नाही.

तिसरा अभ्यास सर्वांत महत्त्वाचा, आणि तो प्रत्येक स्त्रीला ठाऊक असावा असे मला मनापासून वाटते. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग सुरुवातीच्या अवस्थेत असताना गर्भाशय आजूबाजूच्या भागासह काढण्याची मोठी शस्त्रक्रिया करतात. ती लहान छिद्रांतून केली तरी निकाल उघड्या शस्त्रक्रियेइतकाच चांगला असणार, असे आम्ही सारे धरून चाललो होतो. २०१८ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये ६३१ स्त्रियांचा अभ्यास आला. साडेचार वर्षांनी कर्करोगमुक्त असण्याचे प्रमाण उघड्या शस्त्रक्रियेत ९६.५ टक्के होते आणि लहान छिद्रांतून केलेल्या शस्त्रक्रियेत ८६ टक्के. लहान छिद्रांच्या गटात बहुतेक शस्त्रक्रिया दुर्बिणीच्या आणि काही रोबोटच्या होत्या. जखम लहान, वेदना कमी, घरी लवकर, आणि कर्करोग मात्र अधिक स्त्रियांत परत. गर्भाशय हलवण्यासाठी आत घातले जाणारे उपकरण आणि पोटात भरलेला वायू यांमुळे कर्कपेशी पसरत असाव्यात, असा तर्क मांडला गेला. कारण काहीही असो, जगभरच्या सर्जननी या आजारासाठी पुन्हा मोठी चीर पत्करली. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने स्त्रियांच्या कर्करोगांत रोबोटच्या वापराविषयी सावधगिरीची सूचना काढली. पोटावर पाच बारीक खुणा पाहून आपण शस्त्रक्रिया यशस्वी झाली असे मानतो. ती यशस्वी झाली की नाही हे काही आजारांत पाच वर्षांनी कळते.

गुडघ्याच्या सांधेरोपणाविषयी मला नेहमी विचारतात, म्हणून दोन वाक्ये. तिथला रोबोट खरोखर आखणी पाळणारा आहे. तो ठरलेल्या रेषेबाहेर करवतीला जाऊ देत नाही आणि हाडाचा काप अधिक अचूक बसतो. हा सांधा अधिक वर्षे टिकतो का, हे तितकी वर्षे गेल्यावरच सांगता येईल.

खर्चाचा विषय टाळता येत नाही. या यंत्राची किंमत कोटींत, वार्षिक देखभाल वेगळी, अवजारे मोजक्या वापरानंतर टाकायची. हा भार रुग्णाच्या बिलावर येतो आणि त्याच शस्त्रक्रियेला लाख-दीड लाख, कधी त्याहून अधिक रुपये जास्त पडतात. आरोग्यविम्याने रोबोटिक शस्त्रक्रियेला संरक्षण द्यावे, असे विमा नियामकाने २०१९ मध्ये आधुनिक उपचारांच्या यादीत ती घालून सांगितले. परंतु विमा कंपनीला त्यावर स्वतंत्र मर्यादा घालता येते. पाच लाखांची पॉलिसी हातात असूनही रोबोटसाठी त्यातला ठरावीक हिस्साच मिळेल, हे अनेकांना डिस्चार्जच्या टेबलावर कळते. दाखल होण्यापूर्वी पॉलिसीतले ते एक वाक्य शोधून वाचा, किंवा आमच्या कार्यालयात येऊन आमच्याकडून वाचून घ्या. त्यात संकोचण्यासारखे काही नाही.

किमती उतरण्याची चिन्हे आहेत. दीर्घकाळ जवळजवळ एकाच कंपनीची मक्तेदारी होती. मूळ पेटंटांची मुदत संपत गेली तसे इतर पुढे आले. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या कंपनीने बनवलेला 'व्हर्सियस' हा रोबोट माणसावर प्रथम वापरला गेला तो २०१९ मध्ये, आणि तोही आपल्या पुण्यात. हृदयशल्यविशारद डॉ. सुधीर श्रीवास्तव यांच्या पुढाकाराने गुरुग्राममध्ये तयार झालेली 'एसएसआय मंत्र' ही भारतीय यंत्रणा २०२२ पासून वापरात आली आहे. उदवाडियांच्या काळात दुर्बीण जशी जिल्ह्यापर्यंत पोचली, तसा रोबोट जिल्हा रुग्णालयापर्यंत पोचायचा असेल, तर तो याच वाटेने पोचेल. मुंबईपुण्याच्या खासगी रुग्णालयांत आणखी चार यंत्रे आल्याने विदर्भातल्या किंवा कोकणातल्या रुग्णाची वाट जवळ होणार नाही.

यंत्र स्वतःहून शस्त्रक्रिया करू लागेल का, हा प्रश्न दर व्याख्यानानंतर येतो, म्हणून आधीच बोलतो. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या 'स्टार' या रोबोटने २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात चार डुकरांच्या आतड्याची टोके माणसाच्या अगदी थोड्या मदतीने शिवली. २०२५ मध्ये तिथल्याच संशोधकांनी शस्त्रक्रियांच्या चित्रफिती पाहून शिकलेल्या दुसऱ्या रोबोटकडून, शरीराबाहेर काढलेल्या डुकरांच्या अवयवांवर, पित्ताशय सोडवण्याच्या सतरा पायऱ्या करून घेतल्या. हे काम मोठे आहे आणि मी त्याला कमी लेखणार नाही. पण तिथे रक्त वाहत नव्हते, श्वास चालू नव्हता, आणि पूर्वीच्या तीन शस्त्रक्रियांनी चिकटून बसलेले पोटही नव्हते. जिवंत रुग्णाच्या पोटात काही बिघडले तर उत्तर द्यायला कोण उभे राहणार, हे ठरवल्याशिवाय ते यंत्र माझ्या टेबलापाशी येऊ नये असे मला वाटते.

स्पर्शाकडे पुन्हा येतो. २०२४ मध्ये मान्यता मिळालेल्या 'दा विंची ५' या नव्या यंत्रणेत काही अवजारे ओढ आणि दाब मोजतात आणि तो विरोध सर्जनच्या बोटांपर्यंत पोचवतात. माझ्यासारख्याला ही बातमी ऐकून किती बरे वाटले ते सांगता येणार नाही. तरीही सुईच्या ओढीचा स्पर्श वेगळा आणि दोन बोटांमध्ये गाठ चाचपण्याचा स्पर्श वेगळा. दुसरा अजून कुठल्याही यंत्राने परत दिलेला नाही.

म्हणून मी विद्यार्थ्यांना एक सवय लावली आहे. शस्त्रक्रिया संपत आली की प्रोस्टेट एका पिशवीत भरून नाभीजवळच्या लहानशा छेदातून बाहेर काढतो. ती लगेच तपासणीच्या बरणीत टाकायची नाही. माझ्याशेजारी जोडकन्सोलवर बसलेल्या विद्यार्थ्याने हात धुऊन, मोजे चढवून ती तळहातावर घ्यायची, डोळे मिटायचे, आणि आत तीन तास जे नुसते पाहिले ते बोटांनी शोधायचे. गुरुजींच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी माझी विद्यार्थिनी ती ग्रंथी हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली. मग तिचा अंगठा डाव्या कुशीवर थांबला. "सर, इथे घट्ट लागतंय. आत असताना इथला पापुद्रा सहज सुटत नव्हता, तीच ही जागा." मी त्या जागी बोट ठेवून पाहिले, आणि सिस्टरकडून काळा दोरा घेऊन पॅथॉलॉजिस्टसाठी तिथे खुणेचा टाका घालायला तिला सांगितले.